काकूंच्या नावाचा मतदारसंघ

सिंगापूरच्या पासिर रिसमधला आमचा फ्लॅट कधी हलला नाही. मीही हललो नाही. सोफा तर इतका जड आहे, की तो सरकवला तर अख्खा ब्लॉक समुद्राच्या बाजूला कलेल. तरीही निवडणुका जवळ आल्या की आमचा मतदारसंघ बदलतो. माणसाने एका मतदारसंघात झोपावं आणि दुसऱ्यात उठून दात घासावेत, अशी इथली तऱ्हा. सीमा नव्याने आखतात, दोन-दोन गावांची नावं मधे आडवी रेघ मारून जोडतात, आणि ते नाव इतकं लांबतं की बसमध्ये कोणी उच्चारायला घेतलं तर संपेपर्यंत दोन स्टॉप मागे पडलेले असतात.

माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. खटकायचं ते एवढंच, की नावं सगळी जागांची. एखाद्याच्या तळाशी कोणी जुना व्यापारी निघतोही, पण त्यासाठी गाळ उपसावा लागतो. आमच्याकडे बघा. दोन रस्ते एकमेकांना नुसते घासून गेले तरी चौक होतो आणि चौकाला माणसाचं नाव पडतं. आमच्या तालुक्याच्या गावी चौक जास्त झाले आणि थोर माणसं कमी पडली, तेव्हा नगरपालिकेने शेजारच्या तालुक्यातून मागवली. खोटं वाटत असेल त्याने जाऊन बघावं. मी काही बरोबर येणार नाही.

हे सगळं मी खालच्या कॉफी शॉपमध्ये शेजारच्या चिनी अंकलना सांगितलं. त्यांनी कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत ऐकून घेतलं आणि वाक्याला इथला 'लाह' जोडून म्हणाले, "माणसाचं नाव द्यायचं नाही लाह. माणूस मरतो. पासिर रिस कसं मरेल?"

मी म्हटलं, या माणसाला दूरदृष्टी नाही.

आता मंडळाबद्दल सांगतो. आमचं इथे एक छोटं मंडळ आहे. पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली मंडळी आणि माझ्यासारखे, जन्मभर जहाजाच्या पोटात इंजिनाशी भांडून शेवटी जमिनीवर आलेले काही जण. गणपती करायचा, दिवाळीला फराळ करायचा, आणि वर्षातून एकदा हॉल घेऊन हात वर करून समिती निवडायची. पण हळूहळू माणसं वाढली. बेटाच्या हौगांग भागातले म्हणू लागले, समितीत सगळे नोव्हेना भागातले. नोव्हेनावाले म्हणू लागले, सतरंज्या उचलायला तेवढे आम्ही. तेव्हा आमचे अध्यक्ष, हे कुठल्याशा बँकेत सॉफ्टवेअर मॅनेजर, म्हणाले की आपण तीन विभाग करू. प्रत्येक विभाग आपले सदस्य निवडेल. सीमा कोण आखणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी, जहाजावरचा चीफ इंजिनिअर, अख्खं जग फिरलोय ना!

जग फिरलो ते खरं, पण इंजिन रूममधून. तिथे खिडकी नसते. न्यू यॉर्क आणि न्हावा शेवा यांच्यात मला दिसलेला फरक म्हणजे पाण्याचं तापमान. पण हे मी सभेत बोललो नाही.

जेवणाच्या टेबलावर मी बेटाचा नकाशा पसरला, वरून तव्याएवढा चष्मा लावला आणि रेघा मारल्या. एका रेघेने एका नवरा-बायकोला दोन विभागांत टाकलं. दोघेही आनंदात होते, म्हणून राहू दिली. मग नावांचा प्रश्न आला. हौगांग, नोव्हेना, पासिर रिस असं सरळ लिहून मोकळं होता आलं असतं. पण आमची माणसं भाड्याने राहतात. करार संपला की हौगांगचा माणूस उचलून दुसऱ्या टोकाला जातो. जागा त्याला काय धरून ठेवणार? माणूस धरून ठेवतो. म्हणून मी ठरवलं की विभागांना इथल्याच नामवंत माणसांची नावं द्यायची, आणि तीही जिवंत. नोव्हेनाला तिथल्या आमच्या डॉक्टरांचं, कारण मंडळातल्या यच्चयावत सर्दी-खोकल्याला फोनवर फुकट औषध सांगून ते इतके नामवंत झाले होते की फोन बंद ठेवायला लागले होते. आणि हौगांगला काकूंचं.

काकू म्हणजे एका कॅप्टनच्या पत्नी. कॅप्टनसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. त्या मुलाकडे, हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहतात. मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य आणि महाप्रसाद पहिल्यापासून त्यांच्या ताब्यात. काकूंच्या हातचे मोदक खाऊन एक तमिळ वॉचमन अस्खलित मराठी बोलायला लागला, असं मी सांगतो. तो "अजून एक" एवढंच बोलतो, पण अगदी अस्खलित. पुण्याहून कोणी नवं जोडपं आलं की सामान उतरायच्या आधी काकूंकडचा वरण-भात त्यांच्या पोटात गेलेला असतो. त्यांचं नाव नाही द्यायचं तर कोणाचं?

पासिर रिसची जागा मी रिकामी ठेवली. 'नाव यथावकाश जाहीर होईल.' विभागात नामवंत कोण आहे ते लोकांच्या तोंडून आलेलं बरं दिसतं.

सगळं कसं निर्दोष व्हावं म्हणून मी एक नियमही घातला: ज्या व्यक्तीचं नाव विभागाला असेल, तिला समितीसाठी त्या विभागातून उभं राहता येणार नाही. नाहीतर लोक नावाकडे बघून मत द्यायचे. अध्यक्षांना नियम फार आवडला. बायकोने वाचला आणि म्हणाली, "अहो, मग पासिर रिसला तुमचं नाव दिलं तर तुम्हालाही उभं राहता येणार नाही."

"म्हणून तर यथावकाश," मी म्हटलं.

पत्रक फोनवरून सगळ्यांना गेलं. वर काकूंचा फोटो होता, नैवेद्याचं ताट हातात घेतलेला, आणि मी हौसेने भोवती फुलांची चौकट काढली होती. पहिलं उत्तर आलं मंडळ सोडून पुण्याला परत गेलेल्या एका सदस्याचं: "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे फुलांत फोटो आणि विभागाला नाव म्हणजे दुसरं काय असतं! मग जो तो हात जोडायला लागला. काकूंचा मुलगा ऑफिसात मीटिंगमध्ये बसला होता. त्याच्या फोनवर सांत्वनाचे इतके निरोप आले, की त्याने घाबरून घरी फोन लावला. फोन काकूंनीच उचलला. "मी आहे," त्या म्हणाल्या, "आणि भेंडी करतेय. येताना दही आण."

मी त्याच संध्याकाळी क्षमा मागायला हौगांगला गेलो. वाटलं होतं, हसतील. त्यांनी चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चीफ, श्रद्धांजलीचं सोड. मला एक सांग. नैवेद्याचं काम या वर्षीपासून समितीतल्या माणसाकडे राहणार, असं तुझ्या कागदात आहे ना?"

"हो. म्हणजे जबाबदारी ठरलेली असावी."

"आणि माझ्या नावाचा विभाग, म्हणून मी समितीत येऊ शकत नाही."

मी चहा प्यायलो. एवढा गरम चहा मी बॉयलरशेजारी उभा राहूनही कधी प्यायलो नव्हतो. खरं सांगायचं तर काकू कधी समितीत नव्हत्याच. त्यांना कोणी निवडलं नव्हतं, नेमलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात होत्या, जसा गणपती मखरात असतो. मी त्या व्यवस्थेला नियम लावला आणि नियमातून नेमक्या त्याच गळून पडल्या.

"काकू, हा तर तुमचा मान आहे."

"इंजिनवाल्याच्या हातात नकाशा दिला की असंच होणार," त्या म्हणाल्या. "आमचे हे नेहमी म्हणायचे." मग जरा थांबून, पदराने टेबल पुसत, "हे बघ. मुलगा-सून सकाळी जातात. नात शाळेतून येते, ती 'हाय आजी' म्हणते आणि दार लावून घेते. इथे राहायच्या माझ्या पासवर मी त्याची आई आहे. तेवढीच माझी ओळख इथे. बरोबर आहे, तक्रार नाही. पण गणपतीच्या दिवसांत सगळे मला विचारतात, काकू, गूळ किती, काकू, उकड झाली का. ते काम तू काढून घेतलंस आणि नाव दिलंस. नाव घेऊन मी काय करू? मेल्यावर द्या हवं तर, माझी हरकत नाही."

मी म्हटलं, नियम बदलतो. पण पत्रक गेलेलं, डॉक्टरांनी नाव स्वीकारल्याचं भाषण लिहून ठेवलेलं, आणि तिथूनच फोन लावला तर अध्यक्ष म्हणाले, "सर, प्रोसेस सुरू झाल्यावर बदल नको. उद्या कोणीही काहीही म्हणेल." मी हात टेकले. काकूंनी फोन खाली ठेवू दिला आणि विचारलं, "पासिर रिसला कोणाचं नाव दिलंयस?"

"अजून कोणाचं नाही."

"मग मी तिथून उभी राहते."

"तिथे राहावं लागतं, काकू."

"येते राहायला."

मला वाटलं, रागाने बोलल्या. शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात काकू, मागे मुलगा, आणि त्याच्या हातात एक बॅग, प्रेशर कुकर, पुरणयंत्र आणि मोदकपात्र. मुलगा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की जणू मी त्याची आई पळवून आणली आहे. माझ्या मुलीने आपली खोली रिकामी करून दिली. ती पॉलिटेक्निकमध्ये शिकते, घरात कोणाचंच ऐकत नाही, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, यू सो फिनिश्ड लाह."

कारण पासिर रिसमधून समितीसाठी उमेदवार होतो मी. समितीवर मी इतकी वर्षं बिनविरोध जात होतो. आता माझा विरोधी उमेदवार माझ्याच घरात राहायला आला आणि सकाळी उठून मलाच थालीपीठ वाढायला लागला. लोण्यासकट! जगाच्या इतिहासात असा प्रचार झाला नसेल. मी संध्याकाळी विभागात घरोघर जाऊन मतं मागायचो, आणि लोक म्हणायचे, "हो हो, नक्की. काकू घरी आहेत का?" मग माझ्याबरोबरच माझ्या घरी यायचे. आमच्या दाराबाहेर इतक्या चपला साठल्या, की चिनी अंकलना वाटलं माझ्याकडे स्वस्तात काही विकायला आलंय. तेही आले. काकूंनी त्यांना अळूवडी दिली. त्यांनी तिसरी वडी संपवून विचारलं, या बाईंना मत देण्यासाठी मराठी असावंच लागतं का.

तरी मी मागे हटलो नाही. उमेदवार आहे तर लढायचं, असं माझं म्हणणं. आणि काकूही मला माघार घे असं एकदाही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांना हळूहळू चालवत समुद्राकडे घेऊन जायचो. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून वाटेत प्रत्येक बाकावर बसायचं. समोर पाण्यात जहाजं नांगरून उभी असायची. काकू एकेकाकडे बघून, कुठलं भरलेलं आहे आणि कुठलं रिकामं, ते सांगायच्या. मी त्यातल्या प्रत्येकाच्या इंजिनाची एक गोष्ट सांगायचो.

"यातली खरी किती?" एकदा त्यांनी विचारलं.

"इंजिनं सगळी खरी आहेत."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "हरले तर मी परत हौगांगला जाईन आणि या वर्षी हॉलमध्ये येणार नाही. रागावून नाही हं. पण पाहुण्यासारखं पंगतीत बसून मला जेवता यायचं नाही." मी त्यांना हात देऊन बाकावरून उठवलं. परत येताना बाक येत गेले आणि आम्ही बसत गेलो.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. नोव्हेनाचं आधी झालं. डॉक्टरांचं भाषण झालं. त्यात सर्दीवर एक नवी गोळी त्यांनी सुचवली, ती सगळ्यांनी लिहून घेतली. हौगांगचंही आटोपलं. मग पासिर रिस. अध्यक्ष म्हणाले, "काकूंसाठी हात वर करा." हॉलच्या त्या कोपऱ्यात एकदम इतके हात वर गेले, की वरचे पंखे थांबले असं मी आजही सांगतो. माझ्या बायकोचा हात वर होता. तो अर्ध्यावर, संकोचाने वगैरे नव्हता; बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. मुलीचे दोन्ही हात वर होते. अध्यक्ष तिला म्हणाले, एकच मोजणार.

"आणि चीफसाठी?"

मी उभा होतो. कोणीच हात वर केला नाही, असं नाही. पाठीमागे एक नवा मुलगा हात वर करून बसला होता. त्याला बाहेर जायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मी निदान माझं स्वतःचं मत तरी देतो का ते. मी काकूंकडे पाहिलं. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि कुणाकडेच बघत नव्हत्या. एवढे हात वर गेलेले त्यांनी पाहिले होते की नाही, कोण जाणे.

"माझं मत राहिलंय," मी म्हटलं. "ते आधीच्या प्रश्नात धरा."

अध्यक्ष म्हणाले, प्रोसेसमध्ये तसं बसत नाही. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांचं पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही.

काकू उठल्या. मला वाटलं, चार शब्द बोलतील. त्यांनी गुडघ्यावर हात दाबला, समोरच्या खुर्चीचा आधार घेतला आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "आधी हौगांगवरचं माझं नाव काढा बरं. मी आजच परत चाललेय, आणि घरी जाऊन स्वतःच्याच नावात राहायला मला अवघड होईल." मग माझ्याकडे वळल्या. "चीफ, मोठं पातेलं कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. बाल्कनीत."

"त्यात तू झाडं लावलीयस, मी पाहिलंय. ती काढ आणि घासून ठेव. आणि नारळ मला पुढच्या आठवड्यात हवेत, हिरवे नकोत. आणताना हलवून बघ."

मी हो म्हटलं. अजून कोणीतरी गुळाचं विचारायला पुढे आलं, त्याच्या मागे आणखी दोघी. त्या घोळक्यातून मला त्यांचा नुसता आवाज ऐकू येत राहिला.