माधवनगरच्या घरातली पोकळ तुळई

तुमचं मत हवंय, म्हणून इथं लिहितेय. आज सकाळी माधवनगरला विकत घ्यायचं घर बघायला गेले. नवरा फौजेत, म्हणून सोबत ओळखीचे सुतार रफिकचाचा होते.

माझी लेक हौसेनं लाकडी माळ्यावर चढली. चाचांनी खालून माळ्याच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला.

“ताई, पोरीला आधी खाली घ्या! वाळवीनं तुळई पोखरलीय.”

मी शिडीकडे धावले. तिला कसं उतरवलं, आठवत नाही.

घरमालक आजोबा पांढरेफटक पडले. “आमी दोघं म्हातारा-म्हातारी रोज हिच्याखालीच झोपतोय की वं!”

चाचांनी तुळईला टेकू दिला. आम्ही आजोबांची कॉट बाहेरच्या खोलीत हलवली.

आजोबा तुळई बदलून देतो म्हणतायत. पण तिथं लेकीला झोपवायची माझी छाती होईना. तुम्ही घेतलं असतं हे घर?