शेवटची वीस पावलं बॅटरीवर

माझ्या पत्नीचं भांडण माझ्याशी नव्हतं, पेट्रोलशी होतं. पण बारामतीत भाड्याची मोटार मीच चालवत असल्यामुळे आम्हा दोघांत तिनं फरक केला नाही.

लग्नानंतर इंदापूरहून येताना ती तीनदा ओकली. (चौथ्यांदा मी.) नागपंचमीला माहेरी गेली आणि तिथूनच निरोप आला, "बैलगाडीनं यीन. पर तुमच्या सदऱ्याला पेट्रोल, उशीला पेट्रोल, भाकरीलाबी पेट्रोल! त्यो वास जाईस्तवर न्हाय."

दिवाळी जवळ आली. इंदापूरचं गिऱ्हाईक मिळालं की मी मोटार मुद्दाम तिच्या आळीतून नेई आणि हॉर्न वाजवी. लगेच खिडकी बंद होई. बंद करणारा हात मात्र दिसे. तेवढ्यावर मी तीस मैल परत येई.

मोटारीचे दिवे बॅटरीवर लागत आणि दिव्यांना वास नव्हता. मग चाकांनीच काय पाप केलं होतं? मी पिठाच्या गिरणीतल्या मिस्त्रींना गाठलं.

"मिस्त्री, मोटार बॅटरीवर चालंल का?"

"चालंल की! पेट्रोल बंद करा, गिअर टाका आन् चालू करायचं बटण दाबून धरा."

मोटार बेडकासारखी उड्या मारत वीस पावलं गेली. वास शून्य!

"इंदापूरपातूर किती बॅटऱ्या लागतील?"

"त्या ठेवायला दुसरी मोटार लागंल. ती पेट्रोलवर घ्या."

"आन् चार्ज कुठं करायच्या?"

"हितंच, माज्या इंजिनावर. रॉकेलचं हाय."

मी शांतपणे विचार केला. तीस मैल अशक्य, वीस पावलं शक्य. म्हणजे आळीच्या तोंडापर्यंत पेट्रोलवर जायचं आणि सासऱ्यांचं दार बॅटरीवर गाठायचं! (पत्नी आत बसल्यावर पुढं काय, हा प्रश्न मी तितक्याच शांतपणे वगळला.) पत्र टाकलं: "मंगळवारी सकाळी येतो. पेट्रोल सोडलं. आता सगळं बॅटरीवर."

मंगळवारी धुतलेला सदरा घालून निघालो. दारापासून बरोबर वीस पावलांवर पेट्रोल बंद केलं, बटण दाबलं. मोटार उडी मारून निघाली. आळी बाहेर आली. पत्नी दारात, नाकाला पदर. पाचव्या पावलाला पदर खाली आला. बाराव्याला ती हसली. पंधराव्याला मोटार थांबली.

बटण दाबलं. "टक्." पुन्हा दाबलं. तेवढंही नाही.

"काय झालं, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

"बॅटरी संपली, मामा."

"येवढंच व्हय!" ते आत गेले आणि आपली हातातली बॅटरी बुडाशी उघडत बाहेर आले. "घ्या, ह्यातलं दोन शेल घाला. पर मी म्हन्तो, दिवसाउजेडी बॅटरी लावायचीच कशाला?"

आळी हसली. पत्नीही हसली. मला जमलं नाही, कारण आता पेट्रोल चालू केलं तरी ठिणगी द्यायला बॅटरीच लागत होती!

शेवटी सासऱ्यांनी आपले दोन बैल मोटारीला जुंपले आणि हाकायला गडी दिला. पत्नीनं मोटारीभोवती एक फेरी मारली, पुढच्या बाजूचा वास घेतला आणि आपलं बोचकं आत टाकलं.

"आता बसते. पर बारामतीत ही गिरणीपाशी लावायची, सदरा तितंच बदलायचा, मग घरी यायचं. कबूल?"

"कबूल!" (बैलांऐवजी मला जुंपायचं ठरलं असतं तरी हेच उत्तर होतं.)

तीस मैलांना दोन दिवस लागले. इतका झटपट संपलेला प्रवास मी आजवर केलेला नाही.

काटेवाडीत एका म्हाताऱ्यानं वाट अडवून विचारलं, "पोरी, किती बैलांची गं ही मोटार?"

"तिघांची, आबा," ती म्हणाली. "दोन भायेर, एक आत!"

पंचमीपासून लोकांसमोर तिनं केलेला माझा हा पहिलाच उल्लेख होता. मी चाक घट्ट धरलं आणि समाधानानं मान डोलावली. गळ्यात घुंगरं नव्हती, एवढीच उणीव.