मॅडमची केटी

पहिल्या वर्षाचा स्टॅट्सचा, म्हणजे संख्याशास्त्राचा, पेपर मी दोनदा दिला आणि दोनदा उडाले. तिसऱ्यांदाही केटी, म्हणजे अडकलेला विषय, राहिली असती तर टीवायला, शेवटच्या वर्षाला, प्रवेश नव्हता, पदवीचं घोंगडं कायमचं भिजत पडलं असतं. "कोणाक तरी विचार गो!" आई रोज म्हणायची. विचारायचं कोणाला? आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत सल्ले पैशाला पासरी मिळायचे, पण सगळ्यांचा सल्ला एकच: तलाठ्याची परीक्षा दे.

अशात एक दिवस इतिहासाच्या मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. दोन महिन्यांनी कॉलेजात बाहेरची समिती येणार होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर असतो आणि तो वर्षात सहा वेळा भेटून मार्गदर्शन करतो, हे तिला दाखवायचं होतं. माझ्या मेंटॉर या मॅडम आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनाही बहुधा त्याच आठवड्यात कळलं असावं.

"सहा सह्या कर, पटपट," म्हणत त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं.

वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी जुनी खोड. पहिल्या भेटीत मी म्हणे हुंदके देऊन रडले होते. तिसऱ्या भेटीत मला अभ्यासाचं वेळापत्रक मिळालं होतं. चौथ्या भेटीत मॅडमनी मला स्टँडर्ड डेव्हिएशन 'सोप्या भाषेत' समजावलं होतं आणि सहाव्या भेटीपर्यंत माझा आत्मविश्वास 'लक्षणीय' वाढला होता. रजिस्टरमधल्या त्या मुलीचा मला असा काही हेवा वाटला! तिची कोणीतरी विचारपूस करत होतं.

"मॅडम, मी कधी रडले?"

"अगं, सगळ्याच मुलींना रडवलंय मी. मुलांना 'उदास' लिहिलंय. कर सही."

माझं डोकं फिरलं. "करते. पण आधी ती चौथी भेट द्या. मला स्टँडर्ड डेव्हिएशन खरंच येत नाही."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मलाही नाही येत गं," त्या हळूच म्हणाल्या. "दहावीला गणितात काठावर सुटलेय मी."

दोघींनाही हसू आवरेना. शेवटी ठरलं असं, की आठवडाभर मी वाचायचं, दर गुरुवारी त्यांना शिकवायचं आणि त्यांना कळलं तरच मी एक सही करायची.

विद्यार्थिनी म्हणून मॅडम महाभयंकर. "शेवटी वर्गमूळच काढायचं, तर मुळात वर्ग केलाच कशाला?" दोन वर्षं मी हे गणित घोकत होते, मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. घरी जाऊन डोकं खाजवलं. पुढच्या गुरुवारी चाळीतल्या पाच खोल्यांत किती माणसं राहतात ते मांडून दाखवलं: सरासरीपासून कोण किती दूर ते मोजायचं, तर वरचे आणि खालचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात, बेरीज शून्य येते, म्हणून वर्ग करून उण्याचं अधिक करायचं.

"मग आधीच असं सांगायचं ना!" मॅडम माझ्यावरच खेकसल्या.

समिती आली, बटाटेवडे खाऊन गेली. रजिस्टर कोणी उघडलंसुद्धा नाही.

केटीच्या परीक्षेत मला शंभरपैकी एकसष्ट मिळाले. पेढे घेऊन स्टाफरूममध्ये धावले, तर मॅडमनी पेढा राहू दिला आणि प्रश्नपत्रिका मागून घेतली. चार दिवसांनी त्यांनी अख्खा पेपर, पुरवणीसकट, माझ्या हातात ठेवला. घरी घड्याळ लावून, पुस्तक न उघडता सोडवला होता.

"तपास," त्या म्हणाल्या. "यंदा मेंटॉर म्हणून माझ्याकडे स्टॅट्समध्ये अडकलेल्या तीन पोरी आल्यात. मी पास होते का बघू दे."

अडतीस. पासिंगला चाळीस लागतात. या वयात या बाई माझ्या विषयाला बसल्या होत्या, मला एकदम भरून आलं. दोन मार्क देऊन टाकावेत असं फार वाटलं. पण त्या तीन पोरींचं काय? मी मन घट्ट केलं आणि लाल पेनाने अडतीसला गोल केला.

"केटी लागली, मॅडम," मी म्हटलं. "बसा, कुठे चुकलात ते दाखवते."