खोललेला सांधा

सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत होतो, तेव्हा रुखसानाचा फोन आला. "काका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. सलीम गेला... औंधच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा, पुढं बंगळूरच्या प्रयोगशाळेत अतिथंड हेलियमवर उभी हयात घालवलेला माझा मित्र. दीड महिना झाला. आता कुठं लिहायला बसलोय.

त्याचे वडील तांब्या-पितळेच्या भांड्यांना डाख द्यायचे, धातू वितळवून फुटके सांधे जोडायचे. सलीमचा हात तिथंच बसला. मी फौजेतून सुट्टीवर आलो की तो आपलं काम समजावून सांगायचा. हेलियम पराकोटीचा थंड केला की त्याचा असा द्रव होतो, जो केसाएवढ्या नळीतूनही न अडखळता वाहतो आणि उष्णता झपाट्यानं वाहून नेतो. मात्र उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की आत भोवरे उठतात, एकमेकांत गुंततात आणि वाट अडते. अरुंद नळीत ती मर्यादा नेमकी कुठं, हे त्याला मोजायचं होतं.

एका वर्षी त्याच्या नळीनं कुणाच्या कल्पनेत नव्हती इतकी उष्णता भोवऱ्यांशिवाय नेली. शोधनिबंध छापून आला, बढतीचं बोलणं सुरू झालं. चैन नव्हतं ते फक्त सलीमला. ईदला तो औंधला आला तेव्हा मीही तिथं होतो. वडिलांपुढं त्यानं मनातली शंका मांडली. नळीचा सांधा त्यानं स्वतः केलेला. साध्या तपासणीत तो पक्का ठरला होता. पण हा द्रव हवेलाही न सापडणाऱ्या फटीतून निसटतो. तसं झालं असेल तर उष्णता नळीऐवजी चोरवाटेनं गेली असणार, म्हणजे आकडाच खोटा. आणि सांधा खोलून बघायचा तर नळीच जायची, दोन वर्षांची मेहनत जायची. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डाख तू लावलास न्हवं? मग खोलायचाबी तूच."

सलीमनं सांधा खोलला. फट निघाली. निबंध त्यानं आपणहून मागे घेतला. बढती दुसऱ्याला मिळाली. मी चिडून विचारलं, गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?

"उद्या कुणी माझ्या आकड्यावर यंत्र बांधंल, गड्या. ते तापलं म्हंजे?"

नवी नळी करून त्यानं पहिल्यापासून मोजलं. खरी मर्यादा बरीच खाली निघाली. त्याच्या निवृत्तीच्या समारंभाला परदेशातून आलेल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं, आमच्या यंत्रातले चुंबक याच आकड्यांच्या भरवशावर थंड राहतात.

गेल्या आठवड्यात मलकापूरला, निवृत्तीनंतर तो राहायचा त्या घरी गेलो. रुखसानानं त्याची प्रयोगांची जुनी वही पुढं ठेवली. अब्बा कधीच पान फाडायचे नाहीत, ती म्हणाली. फसलेल्या नळीच्या त्या दोन वर्षांच्या प्रत्येक पानावर एकच तिरकी रेघ. आणि रेघेखालचा आकडा न् आकडा स्वच्छ वाचता येतो.