कॉफीच्या मशिनची परीक्षा

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात माल नापास करण्यात घालवली. क्वालिटीचं खातं होतं. निवृत्त होऊन सुकापूरच्या फ्लॅटमध्ये बसले, तेव्हा नापास करायला मी आणि माझा स्वयंपाक एवढंच उरलं. आमटीची फोडणी कच्ची, भाताला कुकरचा वास, हिंग नेहमीचा नाही. निकाल दारातून आत येतानाच लागायचा, त्यासाठी पानावर बसायचीही गरज नसे. वैतागून मी एकदा म्हटलं होतं, देवा, ह्यांचं नाक थोडे दिवस सुट्टीवर पाठव.

देवाने माझं दुसरं काही इतक्या तत्परतेने ऐकल्याचं आठवत नाही. साधा ताप आला, आला तसा गेला, आणि जाताना ह्यांची वासाची जाणीव घेऊन गेला. कळलं ते दूध करपलं तेव्हा. मी खाली भाजी घ्यायला गेले होते. परत आले तर जिन्यापर्यंत करपट वास, आणि हे स्वयंपाकघरातच, गॅसपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. पातेल्याचा कोळसा झाला होता. काय झालं, असं त्यांनी वर मलाच विचारलं.

सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पानात पडेल ते हे मुकाट जेवत होते. मग एकदा वालाच्या उसळीत मी फोडणी घालायचीच विसरले. पहिल्या घासाला माझ्या लक्षात आलं. ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि छान झालीये म्हणाले. इतक्या वर्षांत ज्या शब्दासाठी कान आसुसले होते तो असा मिळाला. मी ताट तसंच ठेवून बाल्कनीत जाऊन रडले.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी उग्र वासाच्या गोष्टी हुंगा. लवंग, लिंबू, निलगिरी, कॉफी. परत येईल, कदाचित नाहीही येणार, धीर धरा. धीर हा प्रकार आमच्या घरात नाही, पण परीक्षण आहे. ह्यांनी लवंग आणि लिंबू पहिल्याच आठवड्यात बाद केले आणि कॉफीवर लक्ष केंद्रित केलं. पाकिटातली पूड मेलेली असते म्हणे. वास सगळ्यात जास्त सुटतो तो बी दळल्याच्या क्षणी. तेव्हा घरी कॉफी दळायचं विजेचं मशिन हवं.

आमच्या घरात कॉफी म्हणजे दूध, साखर, चमचाभर पूड आणि वर किसलेलं जायफळ. पाहुणे जेवून उठले की करायची. तिला मशिन लागतं हे मला साठीत कळलं. हे रात्रंदिवस व्हिडिओ बघत होते. जात्यासारखं दळणारं चांगलं की पात्याने कापणारं, यावर मला जेवताना व्याख्यान. पनवेलच्या बाजारातला दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, काका, मिक्सरच घ्या, चटणीचं भांडं फुकट देतो. ह्यांनी त्याच्याकडे जसं बघितलं, तसं पूर्वी माझ्या आमटीकडे बघायचे. मला तेव्हा फार बरं वाटलं.

अखेर पात्याचं छोटं मशिन आलं. त्याची तपासणी मुलगी बघण्यापेक्षा कसून झाली. दळून झाल्यावर बुडाला हात लावून किती तापलं ते बघायचं. पूड जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पसरून भिंगातून दाणा सारखा आहे का ते बघायचं. आवाजाने शेजारचं बाळ उठू नये म्हणून मशिनला टॉवेल गुंडाळून धरायचं काम माझ्याकडे. हे सगळं झालं की झाकण काढायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. मी टॉवेल हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. मग ते मान हलवायचे. नाही.

आणि एका सकाळी डोळे उघडून म्हणाले, येतोय गं, थोडासा. मी त्याच दिवशी गणपतीपुढे नारळ फोडून आले. मुलीला फोन केला, बहिणीला केला, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. त्यानंतर रोज थोडा थोडा जास्त येत गेला.

पुढच्याच महिन्यात आमचा मिक्सर बिघडला, आणि नेमका मी विचुंब्याच्या नाक्यावरच्या मावशीकडून जवळा आणला होता. बारीक सुकी कोळंबीच ती. मावशीने हातात घेऊन दाखवलाही, बघ, खडा नाय, कचरा नाय, चटनी कर मस्त. घरी येऊन भाजला, सुकं खोबरं, लसूण, मिरची घेतली, आणि समोर पातं असलेलं एक रिकामं भांडं दिसत होतं. आमच्याकडे जे फिरतं ते चटणीचं, हा नियम माझ्या आईच्या काळापासूनचा आहे. मी दळलं. मशिन पाण्यात बुडवता येत नाही म्हणून ओल्या फडक्याने पुसलं, नंतर मूठभर तांदूळही फिरवले. वास गेला का हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण घरभर जवळाच होता.

सकाळी ह्यांनी कॉफीच्या बिया टाकल्या, बटण दाबलं, झाकण काढलं. उरणच्या धक्क्यावर मासळी वाळत घातलीय आणि कुणीतरी तिच्यावर कॉफी सांडलीय, असा तो वास होता. ह्यांनी नाक आत घातलं, डोळे मिटले आणि भरभरून श्वास घेतला.

"वा," ते म्हणाले. "आज तर फारच सुरेख. मशिन पास."

मी कॉफी केली, दोन कप ओतले, जायफळ जरा जास्तच किसलं. ते चवीने घोट घेत होते. मी माझा कप बाजूला सरकवला. शेवटी मीच सांगितलं, की काल मी यात जवळा दळला होता.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं चिडतील, आणि चिडायला हवे होते.

"तू रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघत उभी असायचीस," ते म्हणाले. "तुला किती वेळा नाही म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी मशिन सुरू झालं तेव्हा मी टॉवेल त्यांच्याच हाती दिला आणि पाठ करून मोरीत भांडी घासायला उभी राहिले. आवाज थांबला. झाकण निघाल्याचं कळलं. मी वळून बघितलं नाही.

"आज काहीच नाही," ते म्हणाले.

बरं, म्हणाले मी, आणि नळ मोठा केला, म्हणजे माझं रडणं त्यांना ऐकू जायला नको.