खळीच्या कापडावरचं नाव

लेक सासरी निघाली की तिला गोधडी द्यायची आणि गोधडीच्या तुकड्यांवर गल्लीतल्या प्रत्येकानं आपलं नाव लिहायचं, ही डिंडोलीतल्या त्या गल्लीची चाल सुंदराबाईंनीच पाडली होती. आता त्यांच्याच जयश्रीचं लग्न ठरलं होतं. एरवी जुन्या, धुतलेल्या धोतराचे तुकडे असायचे; या वेळी कोरं पांढरं कापड जयश्रीच्या वडिलांनी, निंबाकाकांनी आणलं. कारखान्यातून, मागावरून उतरल्या उतरल्या.

शेजारची वर्षा मराठी घेऊन बी.ए. झालेली. लिहून घेण्याचं काम तिच्याकडे आलं. ती प्रत्येकाला सांगे, तुकड्याखाली खरखरीत पॉलिश पेपर ठेवा, कापड सरकत नाही. कडेला दोन बोटं जागा सोडा, ती शिवणीत जाते. पेन दाबू नका. गल्लीतले धुडकूमामा म्हणाले, एवढं तर मास्तरांनी परीक्षेतही सांगितलं नव्हतं. निंबाकाकांनी सगळ्यांत शेवटी लिहिलं: 'जयश्री, सुखी राहा. तुझा बाप, निंबा.'

महिनाभरात निंबाकाका गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

तेरावं झाल्यावर सुंदराबाईंनी तुकडे बाहेर काढले. शिवण्याआधी शाई टिकते का ते पाहावं म्हणून स्वतःच्या नावाचा तुकडा धुतला. पाणी निळं झालं. नाव गेलं.

वर्षानं दुसरा, न धुतलेला तुकडा बोटांनी चोळून पाहिला. कापडाला मागाची खळ होती, विणण्याआधी सुताला लावतात ती पिठाची पेज. शाई खळीवरच बसली होती, सुतात उतरलीच नव्हती. कापड आधी उकळून धुवा, एवढंच सांगायचं तिच्याकडून राहिलं होतं.

"वीस वरीस मागवर काढात," सुंदराबाई काकांबद्दल म्हणाल्या, "आन् खळच इसरी गयात."

बाकीचे पुन्हा लिहून देतील. काकांचं काय? तो तुकडा न धुता पेटीत ठेवू, वर्षानं सुचवलं. सुंदराबाईंनी नकारार्थी मान हलवली. खळीला झुरळं लागतात. वर्षभरात कापडाची चाळणी होईल.

त्यांनी पक्क्या रंगाचा लाल दोरा ओवला आणि शाईच्या रेघेवरून साखळीटाका घालायला घेतला. अक्षर वाकडं तिथे टाकाही वाकडा. चार दुपारी गेल्या. 'सुखी'च्या आधी एक ठिपका पडला होता. सुंदराबाई तोही भरू लागल्या.

"काकू, तो डाग आहे. सोडा ना."

"तठे त्या थांबेल व्हतात," सुंदराबाई म्हणाल्या.

लिहिताना काका तिथे पेन टेकवून थांबले होते, हे वर्षाला आठवलं; तिनं पुढचा दोरा ओवून दिला. पाचव्या दिवशी त्यांनी तुकडा पाण्यात बुडवला. निळं पाणी मोरीत ओतलं, आणि लाल अक्षरांचा तुकडा हलक्या हातानं पिळून दोरीवर वाळत घातला.