वेंडेल कोझाकची प्लेट

फलकावर काहीही लिहिलेलं असलं तरी नेब्रास्कातल्या त्या गावात त्या स्टेकहाउसला सगळे मालकाच्या नावावरून 'रॉडनीकडे' म्हणत. ॲर्लिस वोंद्रा तिथे एकतीस वर्षं वाढपाचं काम करत होती. कुणाला मांस आतून लाल लागतं, कुणाला गुलाबी, कुणाला पार करपेपर्यंत भाजलेलं, हे तिला विचारावं लागत नसे. गुरं पाळणारा डॉयल आत येऊन टोपी काढेपर्यंत टोमॅटोचा रस घातलेली त्याची बिअर टेबलावर पोचलेली असे.

गावात तिची ओळख कामसू आणि मायाळू अशी होती. आईच्या शेवटच्या आठ वर्षांत तिनेच तिला घासाघासाने भरवलं होतं. तेव्हापासून समोरचा अडखळला की तिचा हात आपसूक पुढे जाई. लिंकनला राहणारी तिची मुलगी एकदा म्हणाली होती, "आई, तू विचारत नाहीस गं. करून मोकळी होतेस." ॲर्लिसला ते लागलं होतं, पण पटलं नव्हतं.

वेंडेल कोझाक आणि त्याची बायको लोर्ना दर शुक्रवारी सहा वाजता यायचे आणि मधल्या टेबलावर बसायचे. वेंडेलने पन्नास वर्षं गुरं पाळली होती. स्टेक आला की तो लगेच तोंड लावत नसे. आधी सुरीने एक काप घ्यायचा, आतला रंग बघायचा आणि म्हणायचा, "चांगलं जनावर होतं." गेल्या वर्षापासून त्याचे हात थरथरायला लागले होते. सुरी प्लेटवर खडखड वाजायची आणि आजूबाजूची माणसं मुद्दाम दुसरीकडे बघायची.

मार्चमध्ये एका गुरुवारी लोर्नाचा फोन आला. "ॲर्लिस, एक काम करशील? उद्या त्याचं मांस स्वयंपाकघरातूनच कापून आण. घरी मी देते कापून. तिथे त्याची फार तारांबळ होते, मला बघवत नाही."

"त्यांना चालेल ना?"

"त्याला काय विचारायचं? नाहीच म्हणेल तो."

शुक्रवारी ॲर्लिसने स्वयंपाकघरात उभं राहून ते मांस छान एकसारखं कापलं आणि पुन्हा जुळवून अख्ख्यासारखं मांडलं. शेजारी भाजलेला बटाटा ठेवला, त्यावर आंबट साय घातली. प्लेट समोर आली तशी वेंडेलने सुरी लावली. मांस आपोआप वेगळं झालं. तो प्लेटकडे बघत राहिला.

"हे कुणी केलं?"

"मी," ॲर्लिस म्हणाली. "म्हटलं, जरा सोपं जाईल तुम्हाला."

"नर्सरीतल्या पोरांना देतात तसं?" आवाज चढला नव्हता, पण शेजारची तिन्ही टेबलं गप्प झाली. लोर्ना रुमालाशी चाळा करत खाली बघत होती. ॲर्लिसने तिच्याकडे पाहिलं आणि फोनचं नाव काढलं नाही. वेंडेलने सुरी ठेवली, टोपी घातली आणि तो बाहेर गाडीत जाऊन बसला.

पुढचे तीन शुक्रवार मधलं टेबल दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं. ॲर्लिसला आधी राग आला. आपण भलं करायला गेलो आणि वाईट ठरलो. मग राग ओसरला आणि आई आठवू लागली. आई कधीकधी घास समोर आला की तोंड फिरवायची. आपण म्हणायचो, आज भूक नाही वाटतं. भूकच नसेल असं कशावरून? तिला चमचा स्वतः धरायचा असेल, तर? आता विचारायला आई नव्हती.

सोमवारी रॉडनीकडे सुट्टी. ती गाडी काढून कोझाकांच्या गोठ्यावर गेली. वेंडेल कुंपणाला टेकून नवी वासरं बघत होता.

"लोर्ना आत आहे," तो म्हणाला.

"मी तुमच्याकडे आलेय. चुकलं माझं."

"तिने फोन केला होता ना तुला?"

ॲर्लिसने नजर वासरांकडे वळवली.

"तुला खोटं बोलता येत नाही, हे एक बरं आहे." तो वासरांकडेच बघत होता. "मला कापता येत नाही हे मला ठाऊक आहे गं. पण अजून अगदीच येत नाही असंही नाही. वेळ लागतो, एवढंच. तुम्हा दोघींना तेवढाही धीर नाही."

"कोपऱ्यातलं टेबल ठेवू? तिथे कुणी बघणार नाही."

"बघ, पुन्हा सुरू झालीस." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "मधलंच टेबल. आणि मी बोलावल्याशिवाय जवळ यायचं नाही."

तो आला. त्या शुक्रवारी दारात माणसं खोळंबली होती. सात वाजले तरी वेंडेलचं अर्धंही झालं नव्हतं.

"अगं, त्यांचं आटप की," रॉडनी तिच्या कानाशी म्हणाला.

"थांबतील लोक. तू बटाटे बघ."

ती पाण्याचा जग दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, म्हणजे हात पुढे जायला नकोत. प्लेटवर सुरी खडखडत होती. मांस केव्हाच गार झालं असणार. एकदा सुरी सटकली आणि एक तुकडा उडून थेट डॉयलच्या बुटाशी पडला.

डॉयलने वाकून बघितलं. "वेंडेल, तुझं वासरू कुंपण तोडून आलंय इकडे."

"मग बांधून ठेव की," वेंडेल म्हणाला. "तुझी आमच्या कुरणात येतात तेव्हा मी ठेवतोच ना?"

लोर्ना आधी हसली, मग सगळेच. त्या जेवणाला पावणेदोन तास लागले.

उन्हाळाभर असंच चाललं. लोर्ना विणकाम घेऊन येऊ लागली. लोकांनी बघणं सोडलं, आणि मुद्दाम न बघणंही सोडलं. मात्र आजार कुणासाठी थांबत नाही. मक्याची कापणी सुरू झाली त्या आठवड्यात वेंडेलच्या हातून सुरी तीनदा पडली. तिसऱ्यांदा त्याने ती उचलली नाही. ॲर्लिस लांबून बघत होती. पाय उचलत होते, पण ती जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. "ॲर्लिस, जरा ये."

ती गेली.

"एवढं कापून दे."

"आतून आणू?"

"आत कशाला? इथेच काप. बस."

तिने खुर्ची ओढली आणि ती कोझाकांच्या टेबलाशी बसली. बाकीची टेबलं तिची वाट बघत होती; बघू देत. तिने पहिला काप घेतला आणि प्लेट त्याच्याकडे वळवली. वेंडेलने आतला रंग नीट पाहिला.

"बरं होतं जनावर," तो म्हणाला. "जरा जाड काप. मला दात आहेत अजून."

तिने जाड कापलं.